घर आणि गावची शाळा: पहिली ते चौथीच्या मुलासाठी दोघांनी मिळून काय करायचं

पालकसभेत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पालक म्हणतात, "बाई, तुम्हीच जरा लक्ष द्या, आमचं काही ऐकत नाही." शिक्षक म्हणतात, "घरी थोडा अभ्यास घेत जा." मग चहा होतो, सह्या होतात, सगळे आपापल्या वाटेला लागतात. मुलाला नेमकं काय येतं आणि कुठे अडतं, हे मात्र दोघांपैकी कोणीच बोललेलं नसतं.

माया दोन्हीकडे असते. माहिती कमी पडते. घरच्यांना मूल वर्गात कसं वागतं ते ठाऊक नसतं, आणि आम्हा शिक्षकांना ते रात्री कुठे झोपतं, सकाळी खाऊन येतं का, ते ठाऊक नसतं. खालच्या सगळ्या पायऱ्या ही माहिती वेळेवर आणि नेमकी इकडून तिकडे पोचावी यासाठीच आहेत. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर काम करते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतही यातलं बरंचसं लागू पडतं.

जून उजाडायच्या आधी

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला मुलाची 6 वर्षं पूर्ण व्हायला हवीत. जन्मदाखला नसेल तर घाबरू नका. अंगणवाडीची नोंद, दवाखान्यातली नोंद किंवा पालकाचं लेखी निवेदनही चालतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणतीही शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही. दुसऱ्या गावाहून आलेल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, तरी प्रवेश अडवता येत नाही.

2022 पासून शाळांमध्ये 'पहिले पाऊल' हा शाळापूर्व तयारीचा मेळावा भरतो. वेगवेगळी टेबलं मांडलेली असतात. एका ठिकाणी मूल उड्या मारतं, दुसरीकडे रंग-आकार ओळखतं, तिसरीकडे चित्र बघून गोष्ट सांगतं, आणखी एका ठिकाणी वस्तू मोजतं. पुष्कळ पालकांना ही परीक्षा वाटते आणि मागून "सांग ना, सांग ना" असं ढोसणं सुरू होतं. तसं करू नका. मूल कुठे रेंगाळतं ते पाहा, कारण पुढच्या आठ-दहा आठवड्यांत घरी तेवढंच करायचं आहे. बटणं लावायला शिकवायची, मटकी आणि हरभरा वेगळा करायला द्यायचा, गोष्ट सांगून मध्येच थांबायचं आणि "पुढे काय झालं असेल?" म्हणून विचारायचं. मेळाव्यानंतर वस्तीवस्तीवर मातांचे गट करतात. आपल्या वस्तीच्या गटात जरूर जा. शेजारणीचं पोर काय करतंय ते दिसलं की आपल्यालाही सुचतं.

शाळा सुरू व्हायच्या आधी अर्ध्या पानावर मुलाची माहिती लिहून शिक्षकांच्या हातात द्या. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, शिक्षक लिहून घेतील. त्यात एवढं असावं: घरी कोणती बोली बोलतात (अहिराणी, पावरी, कोरकू, गोरमाटी, जी असेल ती), दिवसा घरी कोण असतं, मुलाला फिट, दमा, सिकलसेल असं काही आहे का आणि औषध कोणतं चालू आहे, मूल डावखुरं आहे का, शाळेतून न्यायला कोणकोण येऊ शकतं आणि त्यांचे फोन नंबर. आणखी एक गोष्ट पालक सांगायला लाजतात. मूल लघवीला जायला विचारत नाही, दाबून धरतं, किंवा अंधाऱ्या संडासाला भितं. हे आधी कळलं तर पहिल्या आठवड्यातलं निम्मं रडणं वाचतं.

शिक्षकांसाठी: घरभेट पेरणीच्या आधी

घरभेट कागदोपत्री सगळीकडे होते. खरी करायची असेल तर मृग बरसायच्या आधी उरकावी. एकदा पेरणी सुरू झाली की दिवसभर घराला कुलूप असतं आणि संध्याकाळी घरचे थकून गेलेले असतात.

पहिल्या भेटीत तक्रार न्यायची नाही, वहीही न्यायची नाही. ओट्यावर बसा, पाणी प्या, आईला किंवा आजीला विचारा, "याला काय आवडतं? कशाला घाबरतो? रुसला तर कसा समजतो?" चार वाक्यांत जे कळतं ते वर्गात चार महिन्यांत कळत नाही. मूल कुठे बसून वाचू शकेल, तिथे दिवा आहे का, घरात टीव्ही कुठे आहे, एवढं नजरेनं टिपायचं आणि निघायचं. उपदेश केला की पुढच्या वेळी दार अर्धंच उघडतं.

घरची बोली निराळी असेल तर तिचे दहा-वीस शब्द शिक्षकांनी आजीकडून उतरवून घ्यावेत: पाणी, पोट दुखतंय, भूक, भीती वाटते, मारलं, दे, घे. मेळघाटात किंवा सातपुड्याच्या पाड्यांवर पहिलीतलं मूल गप्प असतं ते पुष्कळदा न कळल्यामुळे. त्याला मंद ठरवायला दोन मिनिटंही लागत नाहीत आणि तो शिक्का पुसायला वर्षं जातात. पालकांनीही "आता घरात प्रमाण मराठीच बोला" असला नियम करू नये. आईची भाषा पक्की असलेलं मूल शाळेची भाषा लवकर उचलतं.

पालकसभेत काय विचारायचं

पालकांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार शिक्षकाचं कर्तव्यच आहे. म्हणजे तुम्ही विचारता तेव्हा उपकार मागत नाही. फक्त प्रश्न नेमका हवा. "कसा आहे अभ्यासात?" या प्रश्नाला "बरा आहे" याशिवाय उत्तर नसतं. त्याऐवजी असं विचारा:

"माझ्या मुलीला या महिन्यात नवीन काय यायला लागलं?"
"कुठे अडतं? वहीत दाखवा."
"घरी मी एकच गोष्ट करायची झाली तर कोणती करू?"
"वर्गात ती कोणाशेजारी बसते, कोणाशी खेळते?"

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. मित्र नसलेलं मूल खाडे करतं, आणि ते घरी "पोट दुखतंय" एवढंच सांगतं.

आम्हा शिक्षकांनाही असाच नेमकेपणा हवा. "लक्ष नाही याचं" हे वाक्य घरी जाऊन फक्त एक धपाटा होऊन मुलाच्या पाठीत बसतं. त्याऐवजी: "ताई, हा साधे शब्द वाचतो. जोडाक्षर आलं की थांबतो आणि अंदाजानं पुढे जातो. रोज पाच शब्द मोठ्यानं वाचून घ्या, मी वहीत लिहून देते." हे ऐकलेली आई घरी जाऊन काहीतरी करू शकते.

सभेची वेळ हा तर सगळ्यात सोपा उपाय, आणि तोच कोणी करत नाही. सकाळी अकराला सभा ठेवली की मजुरीवर जाणारी आई येणारच नाही. तिचा दिवसाचा रोज बुडतो. बाजाराच्या दिवशी, ग्रामसभेला जोडून, किंवा संध्याकाळी शेतावरून परतल्यावर ठेवा. सगळे एकदम येत नसतील तर वस्तीवर जाऊन आठ-दहा जणांची बैठक घ्या. आणि सगळ्यांसमोर कोणाच्या मुलाचे दोष काढू नका. एकदा मान खाली घातलेला बाप परत सभेला फिरकत नाही. त्याला बोलावून उपयोग नाही असं मग आपणच म्हणतो.

संध्याकाळचा अर्धा तास

पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की आपण शिकलेलो नाही, म्हणून आपण काही करू शकत नाही. दुसरा, शिकलेल्या पालकांचा: रोज दोन तास बसवून लिहून घेतलं म्हणजे अभ्यास झाला. शालेय दप्तराविषयीच्या 2020 च्या राष्ट्रीय धोरणात दुसरीपर्यंत लेखी गृहपाठच नको असं म्हटलं आहे, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास. म्हणजे दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं झाली. पानंच्या पानं शुद्धलेखन काढून घेणाऱ्या घरांनी आणि शाळांनीही हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

त्या अर्ध्या तासात काय करायचं?

आधी दहा मिनिटं वाचन. आईला वाचता येत नसलं तरी हे चालतं. मुलाला शेजारी बसवा आणि मोठ्यानं वाचायला सांगा. तुमचं काम तीन गोष्टींचं. एक, त्याचं बोट शब्दांवरून सरकतंय का ते पाहा. धडा पाठ असेल तर बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे असतं. मधलाच एखादा शब्द दाखवून "हा काय?" म्हणून विचारा, लगेच कळेल. दोन, मध्ये थांबवून विचारा, "मग काय झालं? त्यानं असं का केलं?" तीन, एखादा शब्द अडला तर रागावू नका. उद्या बाईंना दाखवायचा म्हणून त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारायला सांगा. ती रेघ म्हणजे घराकडून शाळेला आलेली चिठ्ठीच असते. सकाळी वही उघडली की मला कळतं, घरी वाचन झालं आणि कुठे अडलं.

किती यायला हवं याचा अंदाज असावा म्हणून सांगते. 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या शेवटी मुलानं न पाहिलेला मजकूर मिनिटाला 45 ते 60 शब्द या वेगानं, समजून वाचावा अशी अपेक्षा आहे. तिसरीच्या शेवटी किमान 60. पण म्हणून घड्याळ लावून बसू नका. धापा टाकत वाचलेले साठ शब्द आणि त्यातलं काही न कळलेलं, हे काही कामाचं नाही.

मग दहा मिनिटं हिशेब, आणि त्यालाही पुस्तक लागत नाही. डेअरीचं कार्ड घ्या: आज किती लिटर, काय दर, किती रुपये? बचत गटाचं पासबुक, एसटीचं तिकीट, किराण्याची चिठ्ठी, भिंतीवरचं कॅलेंडर. "पुढच्या मंगळवारी किती तारीख?" "अमावास्येला किती दिवस राहिले?" "पन्नासची नोट दिली, अठ्ठावीसचं सामान, परत किती?" दुकानात मुलाला पाठवा आणि सुटे पैसे त्यालाच मोजू द्या. दुसरीच्या शेवटी 999 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात अशी अपेक्षा असते. घरात रोज तीन आकडी संख्यांचाच व्यवहार चालतो.

इथे एक अडचण नक्की येते, तिची आधीच कल्पना देते. घरातले मोठे आणि शाळा यांची रीत वेगळी असते. आजोबा वजाबाकी करताना खालच्या आकड्यात हातचा मिळवतात. आताच्या पुस्तकात वरचा दशक सुटा करून एककात घेतात. उत्तर एकच येतं, पण दुसरीतलं पोर दोन्हींच्या मध्ये सापडतं आणि दोन्ही रीती मिसळून तिसरंच काहीतरी करतं. संख्यावाचनाचंही तसंच. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' आलं आणि केवढा गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर 'वीस सात' ही किंमत कळण्यासाठी आहे आणि 'सत्तावीस' बाजारात बोलण्यासाठी. मुलाला दोन्ही येऊ द्या. वजाबाकीच्या बाबतीत मात्र वर्षभर शाळेचीच रीत घरी चालवा. आजोबांनी आपली रीत चौथीत शिकवावी, तेव्हा पोरांना ती गंमत वाटते.

उरलेली दहा मिनिटं नुसतं बोला. भाकरी थापता थापता, गोठ्यात, चालता चालता. "आज काय शिकलास?" विचारलं तर "काही नाही" येतं. "आज कोण रडलं?", "डब्यात काय होतं?", "बाईंनी कोणती गोष्ट सांगितली?" असं विचारलं की बांध फुटतो. तेवढा वेळ मोबाइल आणि टीव्ही दोन्ही बंद. मुलाचा मोबाइल बंद करून आपण रील बघत बसलो तर ते आपल्याला लगेच हेरतं.

रात्री साडेनवाच्या आत झोप. वर्गात सकाळी पेंगणारी मुलं कोणत्या घरची, ते आदल्या रात्री वस्तीवर कुठे जागरण-गोंधळ होता ते विचारलं की कळतं. लग्नसराईत तर सगळा वर्गच पेंगतो, त्याला इलाज नाही.

व्हॉट्सअॅपचा ग्रुप

थोडक्यात सांगते. घरात फोन एकच आणि तो वडिलांसोबत कामावर. म्हणून सकाळी टाकलेला निरोप रात्री वाचला जातो. आजचं काम आज कळवायचं असेल तर मुलाच्या वहीत लिहा. ग्रुपवर टंकलेल्या लांबलचक सूचनांपेक्षा अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप बरा. वाचता न येणाऱ्या आईलाही तो कळतो. कोणाचे गुण, कोणाची गैरहजेरी, रडणाऱ्या मुलाचा फोटो यातलं काही ग्रुपवर टाकायचं नाही. आणि शुभ सकाळची फुलं कोणीच टाकायची नाहीत, नाहीतर महत्त्वाचा निरोप त्यांच्याखाली गाडला जातो.

पोट, डोळे, कान

पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या आहारातून रोज 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण ठरलेलं आहे; त्यासाठी 100 ग्रॅम धान्य येतं. वाढण्याआधी अन्न चाखून नोंद करायची चव नोंदवही प्रत्येक शाळेत असते. पालकांनी पाळीपाळीनं जाऊन ती चव घ्यावी. मागच्या दारानं तक्रारी करण्यापेक्षा आठवड्यातून एका आईनं पातेल्यापाशी उभं राहणं शंभरपट उपयोगी. डाळीत पाणी किती, तांदूळ निवडलेला आहे का, तेलाचा वास कसा येतो, हे आयांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं. पण हा आहार दुपारचा. सकाळी उपाशी आलेलं मूल तोपर्यंत काहीही शिकत नाही. शिळी भाकरी आणि दूध, चहा-चपाती, जे असेल ते, पण काहीतरी खाऊन पाठवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. शक्य असेल तर आई किंवा आजीनं तिथे थांबावं, कारण डॉक्टरांना जे विचारायचं असतं ते मुलाला सांगता येत नाही. पथक पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी दप्तरात चुरगळून जाते आणि तिथेच बहुतेक मुलं सुटतात. शिक्षकांनी चिठ्ठी थेट पालकाच्या हाती द्यावी आणि पंधरा दिवसांनी "जाऊन आलात का?" म्हणून एक फोन करावा. जंताची गोळी फेब्रुवारीत आणि ऑगस्टच्या सुमारास देतात. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर राहिलेल्यांसाठी पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. वीस किलोच्या मुलाच्या पाठीवर दोन किलो, त्याहून जास्त नाही. रविवारी दप्तर उपडं करा. निम्मं वजन दगड, फुटकी पेनं आणि गेल्या वर्षीच्या वह्यांचं निघतं.

खाडे आणि स्थलांतर

कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरायला हवी. महिन्याला तीन खाडे म्हणजे वर्षाला तीस दिवस, म्हणजे मूल सात दिवसांतला एक दिवस शाळेत नाही. आणि पहिली-दुसरीत एक दिवस चुकला की त्या दिवशीचं अक्षर, ती खूण, तो खेळ चुकतो. पुढे जोडाक्षरापाशी अडणारं मूल नेमकं तेव्हाच मागे राहिलेलं असतं. धाकट्याला सांभाळायला थोरलीला घरी ठेवणं, कापूस वेचणीला हाताशी नेणं, बाजाराला सोबत नेणं ही नेहमीची कारणं. अंगणवाडी शेजारीच असेल तर धाकट्याला तिथे बसवण्याची व्यवस्था शाळा आणि अंगणवाडीताई मिळून करू शकतात. आधी विचारायला मात्र हवं.

शाळेनं सलग तीन दिवसांची वाट पाहू नये. पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलाकडून निरोप पाठवायचा: "बाईंनी आठवण काढलीय." रागाचा निरोप गेला तर मूल चौथ्या दिवशीही येत नाही.

मोठा प्रश्न ऊसतोडीचा. बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर या भागांतून दिवाळीच्या सुमारास कोयते (ऊसतोडीची जोडपी) निघतात ते मार्च-एप्रिलला गळीत हंगाम संपल्यावर परततात. तिकडे फडावर शाळा दूर असते, नाहीतर मूल पाचरट गोळा करायला आणि धाकट्याला राखायला लागतं. इथे घर आणि शाळेचं बोलणं दसऱ्याच्या आतच व्हायला हवं. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतल्यावर आणि बिऱ्हाड ट्रकवर चढल्यावर काही बोलण्यात अर्थ नसतो.

पहिला पर्याय, मूल गावातच ठेवायचं. आजी-आजोबा, चुलता, मावशी कोणी असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत करता येते. मुलांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय तिथे होते. त्यासाठी समितीला स्थलांतर करणाऱ्या मुलांची यादी आधी द्यावी लागते. म्हणून शिक्षकांनी सप्टेंबरमध्येच घरोघर विचारून यादी करावी, आणि पालकांनी "अजून ठरलं नाही" असं मोघम सांगू नये. ठरलेलं असतं. दुसरा पर्याय, मूल सोबत जाणारच असेल तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. त्यावर मुलाची इयत्ता आणि प्रगती लिहिलेली असते आणि जिथे जाल तिथल्या शाळेत त्यावर मुलाला बसवून घेता येतं. पत्रक, आधारची प्रत आणि दोन वह्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या ट्रंकेत ठेवा. तिकडे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात एक फोन गावच्या शिक्षकांना करा, म्हणजे त्यांना तिकडच्या शाळेशी बोलता येतं.

आजीजवळ राहिलेल्या मुलाकडे शाळेनं हंगामभर थोडं जास्त लक्ष ठेवावं. आई-वडिलांना रविवारी फोन लावून द्या. पाच मिनिटांचं ते बोलणं सोमवारच्या वर्गात दिसतं.

मूल मागे पडतंय असं वाटलं तर

घाईनं शिकवणी लावू नका. क्रमानं पाहा. फळ्यावरचं दिसतं का? मागून हाक मारली तर ऐकू येतं का? खाडे किती? भाषा कळते का? घरात काही घडलंय का, म्हणजे दारूवरून भांडणं, आजारपण, कोणाचा मृत्यू? एवढं झाल्यावर मग कोणतं कौशल्य कच्चं आहे ते पाहायचं.

मग पालक आणि शिक्षकांनी बसून सहा आठवड्यांचा छोटा बेत करावा. उदाहरण घेऊ. तिसरीतली मुलगी, काना-मात्रा नसलेले शब्द वाचते, वेलांटी-उकार आले की गोंधळते. ठरवायचं असं: शाळेत रोज परिपाठानंतर पंधरा मिनिटं तिच्यासारख्या तीन-चार जणांचा गट, घरी थोरल्या भावानं रोज दहा शब्दकार्डं दाखवायची, कार्डं बाई करून देणार, दर शनिवारी भाऊ वहीत लिहिणार की किती बरोबर आली. तीन आठवड्यांनी एकदा भेटायचं, सहा आठवड्यांनी परत. जबाबदारी कोणाची आणि कधीपर्यंत, हे वहीवर लिहिलेलं असावं. बेत फार मोठा केला की पहिल्याच आठवड्यात ढासळतो.

एवढं करूनही फरक दिसत नसेल तर गट साधन केंद्रातल्या (तालुक्याच्या शिक्षण विभागाच्या केंद्रातल्या) विशेष शिक्षकांना बोलवायला शाळेला सांगा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यात अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) येते. निदान झालं, प्रमाणपत्र मिळालं तर मदतनीस, साहित्य, प्रवास भत्ता अशा सवलतींची वाट मोकळी होते. काही घरं 'लोक काय म्हणतील' म्हणून तपासणीच टाळतात. लोक तसंही बोलतातच.

शाळा व्यवस्थापन समिती

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणं आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी इतिवृत्ताची वही घरोघर फिरते आणि सह्या गोळा होतात. निवडीच्या सभेला ज्यांची मुलं त्या शाळेत शिकतात त्यांनीच हजर राहा, आणि केवळ गावकीतल्या गटांसाठी पद मागणाऱ्याला नम्रपणे बसवा.

सदस्य झालात तर दर महिन्याला तीन गोष्टी विचारायच्या. या महिन्यात सर्वांत जास्त खाडे कोणाचे आणि त्यांच्या घरी कोण जाणार? मुलींच्या संडासात पाणी आहे का, कडी लागते का? शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर ठरतं. ते किती आलं, कशावर गेलं, आणि त्यातला स्वच्छतेसाठीचा दहा टक्के वाटा कुठे लागला? हिशेब विचारणं म्हणजे मुख्याध्यापकांवर संशय घेणं नाही. बहुतेक मुख्याध्यापकांना उलट हायसं वाटतं, कारण पुढे लेखापरीक्षणात तेच उपयोगी पडतं.

बिनसलं तर

मुलानं घरी येऊन "बाईंनी मारलं" सांगितलं तर तावातावानं वर्गात शिरू नका. आधी मुलाकडून शांतपणे ऐका, मग शाळा सुटल्यावर शिक्षकांना एकट्यात भेटा. "तो असं सांगत होता, काय झालं होतं?" एवढ्यानं बऱ्याच गोष्टी मिटतात. पण शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं बंदी आहे. "गुरुजी, हाणा खुशाल, हाडं आमची, मास तुमचं" असं म्हणणाऱ्या पालकांनीही हे लक्षात घ्यावं. तुमच्या परवानगीनं मार कायदेशीर होत नाही. मिटलं नाही तर मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, या क्रमानं लेखी जा आणि पोच घ्या.

लैंगिक स्वरूपाचा काही संशय असेल तर हा क्रम लागू नाही. तिथे समितीत बसून मिटवामिटवी करायची नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळलेली गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि लपवणं गुन्हा आहे. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलांनाही पाठ करायला लावा.

प्रगतिपत्रक आणि पाचवीची वाट

प्रगतिपत्रकातल्या श्रेणीपेक्षा वर्णनात्मक नोंदी वाचून घ्या. "नियमित अभ्यास करतो, स्वच्छ राहतो" अशी सगळ्यांना एकसारखी नोंद असेल तर शिक्षकांना हसत हसत विचारा, "हे माझ्याच मुलाचं आहे ना?" आम्हालाही तेवढी आठवण लागते.

बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच असते. पाचवीला मूल शेजारच्या गावी जातं आणि तिथे विषयागणिक शिक्षक बदलतात. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुन्हा परीक्षेची संधी मिळते. म्हणून चौथीच्या मार्चमध्येच तीन कामं उरका. एक, दोन्ही शाळांच्या शिक्षकांचं फोनवर बोलणं घडवून आणा आणि मूल कुठे कच्चं आहे ते नव्या वर्गशिक्षकांना सांगायला लावा. दोन, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि जात आधारशी ताडून पाहा. चूक असेल तर ती याच शाळेत दुरुस्त करून घ्या, पुढे दहावीनंतर हेलपाटे पडतात. तीन, मुलगी एसटीनं जाणार असेल तर अहिल्यादेवी होळकर योजनेत पाचवीपासून मोफत पास मिळतो. त्यासाठी नव्या शाळेचं पत्र लागतं. जूनमध्ये आगारात रांग असते, त्यामुळे प्रवेश झाल्या झाल्या ते पत्र मागून ठेवा.